क्विझची तयारी : पाठ केलेलं ऐनवेळी का निसटतं?

अबोली
नमस्कार मंडळी,

टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेसाठी माझी निवड चालू आहे. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी तीन आठवड्यांवर आली आहे. सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तकं, जुन्या वह्या, कात्रणं असा सगळा पसारा मांडून बसले आहे, आणि तरी पोटात गोळा आहे. का ते सांगते.

दुसऱ्या फेरीत प्रश्न आला : सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह कोणता? पर्याय बुध, शुक्र, मंगळ, गुरू. हे मी दहा वेळा तरी वाचलेलं आहे. वहीत माझ्याच अक्षरात आहे, डावीकडचं पान, वरून तिसरी ओळ. ते पान डोळ्यांपुढे आलं, ओळही आली, पण ओळीतला शब्द काही येईना. घड्याळ पळत होतं. बोट बुधावर गेलं. बाकीच्या प्रश्नांनी तारून नेलं म्हणून पुढे आले, पण त्या रात्री झोप लागली नाही.

तर मला विचारायचंय ते असं : तुम्ही ही असली माहिती लक्षात कशी ठेवता? वाचणं, लिहिणं, घोकणं यापलीकडे काही करता का? कुठल्या विषयांवर जोर द्यावा? अनुभव असेल तर सविस्तर लिहा, मी शब्दन् शब्द वाचणार आहे.

रानपाखरू
आधी अभिनंदन! दोन फेऱ्या पार करणं खायचं काम नाही. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

खडूफळा
अबोलीताई, बुधावर बोट गेलं यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. बुध सूर्याला सगळ्यांत जवळ, म्हणून तोच सगळ्यांत तापलेला, हा विचार अगदी सरळ आहे आणि घाईत मन सरळ वाटेनंच धावतं. तुम्ही 'शुक्र' पाठ केलंत, पण 'बुध का नाही' हे कुणी सांगितलंच नाही.

बुधाला वातावरण जवळजवळ नाहीच. दिवसा तापमान ४३० अंशांपर्यंत चढतं आणि रात्री उणे १८० पर्यंत कोसळतं, कारण आलेली उष्णता धरून ठेवायला तिथे काही नाही. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची जाड दुलई आहे. दिवस असो की रात्र, ध्रुव असो की विषुववृत्त, सगळीकडे सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे शुक्रावर शिशाचं पाणी होईल. आता ही दुलई एकदा डोळ्यांसमोर आली की बुधावर बोट जाईल का?

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलांना जिराफाच्या मानेत किती मणके असं विचारलं की कुणी वीस म्हणायचं, कुणी पन्नास. उत्तर सात. तुमच्या-माझ्या मानेत आहेत तेवढेच, फक्त जिराफाचा एकेक मणका फूटभर लांबीचा. मग मी प्रत्येकाला स्वतःच्या मानेमागे हात लावून मणके चाचपायला सांगायचो. ती मुलं आता चाळिशीला आली, भेटली की अजून मानेला हात लावून दाखवतात. माहितीला अशी खुंटी लागते. खुंटी नसेल तर वस्तू कुठेही टांगली तरी पडणारच.

नकाशावेडा
खडूफळा सरांना +१. राजधान्यांचंही तसंच आहे. यादी घोकणाऱ्यांचा हमखास घोटाळा होतो तो ऑस्ट्रेलियावर. सिडनी हे नाव इतकं कानावरून गेलेलं असतं की कॅनबेरा आठवेपर्यंत वेळ संपते.

गोष्ट अशी आहे. १९०१ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन एक देश झाला तेव्हा सिडनी आणि मेलबर्न दोघांनाही राजधानीचा मान हवा होता. कुणीच मागे हटेना. शेवटी राज्यघटनेतच लिहून टाकलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये होईल, म्हणजे सिडनीच्या राज्यात, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर, आणि ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नला बसेल. दोन्ही शहरांना अर्धा अर्धा तुकडा. संसद कॅनबेराला गेली ती १९२७ मध्ये.

हे भांडण लक्षात राहिलं की सिडनी हा पर्याय दिसताक्षणी कळतं की हाच तो राजधानी न मिळालेला. ब्राझीलची ब्राझिलिया १९६० ची, आधी रिओ दी जानेरो होतं. तुर्कस्तानची अंकारा १९२३ पासून, आधी इस्तंबूल. नव्या राजधान्यांची एक वेगळी यादी करा ताई, कारण प्रश्न जवळपास नेहमी त्यांच्यावरच येतो. पॅरिस ही फ्रान्सची राजधानी का, असं कोण विचारणार?

शंकासुर
मी थोडं विरुद्ध बोलणार आहे. गोष्टी छान आहेत, ऐकायला गोड आहेत, पण ताईंकडे तीन आठवडे आहेत. रोज पन्नास गोष्टी ऐकून होणार नाहीत. आणि प्रश्नाला वेळ मिळतो पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात सिडनी-मेलबर्नचं भांडण आठवून, ते सोडवून, मग कॅनबेरापर्यंत पोचायचं? काही माहिती तोंडपाठच लागते. आवर्तसारणीतल्या चिन्हांना कसली आलीय गोष्ट?

माझी पद्धत सांगतो. कार्डं आणि पाच खोकी. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसानं १९७२ मध्ये मांडलेली आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळी कार्डं पहिल्या खोक्यात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की कुठल्याही खोक्यात असो, थेट पहिल्यात परत. पहिलं खोकं रोज काढायचं, दुसरं एक दिवसाआड, तिसरं चार दिवसांनी, असं अंतर वाढवत न्यायचं. म्हणजे येतं ते पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ जात नाही आणि येत नाही ते डोळ्यांसमोरून हलत नाही. वहीत नेमकं उलटं होतं. वहीत आपण येणारं पानच प्रेमानं वाचत बसतो.

खडूफळा
शंकासुर, खोक्यांची पद्धत उत्तम आहे, माझा विरोध नाही. पण चिन्हांना गोष्ट नाही म्हणालात तिथे थांबतो.

सोडियमचं चिन्ह एनए, कारण लॅटिन नाव नॅट्रियम. पोटॅशियमचं के, कॅलियमवरून. शिशाचं पीबी, प्लंबम. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करायचे, म्हणून नळजोडणीवाला तो प्लंबर. पाऱ्याचं एचजी, हायड्रार्जिरम, म्हणजे पाण्यासारखी चांदी. पारा तळहातावर घेऊ नये, पण काचेत हलवून पाहिलाय ना? पाण्यासारखी चांदीच. आणि टंगस्टनचं डब्ल्यू हे वुल्फ्राम या जर्मन नावावरून आलंय, लॅटिनवरून नाही. "यांपैकी कोणतं चिन्ह लॅटिन नावावरून आलेलं नाही?" असा प्रश्न आला तर तिथेच पकडतात.

गोष्ट आठवायची नसते हो. ती एकदा ऐकली की उत्तर आपोआप तिच्यासोबत येतं.

शंकासुर
प्लंबरचं मला माहीत नव्हतं. हे घेतो.

तळटीप
उत्तर लक्षात ठेवण्याबद्दल सगळे बोलताहेत, मी प्रश्नाबद्दल बोलते. निम्मे लोक उत्तर माहीत असून चुकतात, कारण प्रश्न पूर्ण वाचलेला नसतो.

"जगातलं सर्वांत उंच शिखर" आणि "पायथ्यापासून माथ्यापर्यंत सर्वांत उंच पर्वत" आणि "पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेलं शिखर" हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. पायथ्यापासून मोजलं तर हवाईतलं मौना केआ : पाण्यावर ४,२०७ मीटरच दिसतं, पण समुद्राच्या तळापासून धरलं तर दहा हजार मीटरच्या वर. केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरमधलं चिंबोराझो. ते एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरनं बुटकं, पण विषुववृत्ताच्या अगदी जवळ. पृथ्वी मधोमध फुगलेली आहे, विषुववृत्ताशी त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त, म्हणून फुगवट्यावर उभं राहिलेलं बुटकं शिखर एव्हरेस्टला सुमारे दोन किलोमीटरनं मागे टाकतं.

प्रश्न वाचताना विशेषणावर बोट ठेवायची सवय लावा. पहिला, एकमेव, उष्ण, अधिकृत, सलग, जिवंत. उत्तर त्या एका शब्दात दडलेलं असतं.

निळीशाई
यात अजून एक भर. काही उत्तरं बदलतात! जुनं पुस्तक वापरत असाल तर ताई, छपाईचं वर्ष आधी बघा.

सगळ्यांत जास्त चंद्र कुणाला? २०२३ च्या सुरुवातीला गुरू ९२ वर पोचला आणि शनीच्या पुढे गेला. त्याच वर्षी मे महिन्यात शनी १४५ वर गेला. मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली, एकूण २७४. दोन वर्षांत उत्तर तीनदा हललं. एव्हरेस्टची उंची पिढ्यान् पिढ्या ८,८४८ मीटर पाठ झाली, डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून ८,८४८.८६ जाहीर केली. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना.

माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण आवर्तसारणीचं. "इंग्रजी वर्णमालेतलं कोणतं अक्षर आवर्तसारणीत कुठेच येत नाही?" पुस्तकं सांगतात : फक्त जे. हे एके काळी खरं होतं, कारण ११४ व्या मूलद्रव्याचं तात्पुरतं नाव उनउनक्वाडियम होतं आणि त्यात क्यू यायचा. २०१२ मध्ये त्याचं नाव फ्लेरोव्हियम ठेवलं आणि क्यू गेला. आज जे आणि क्यू दोन्ही अक्षरं नाहीत. मी पुस्तकावर विश्वास न ठेवता ११८ नावं एकेक करून तपासली. एक अख्खी दुपार गेली, पण आता हे मला कधीच विसरता येणार नाही.

रानपाखरू
११८ नावं!! दंडवत घ्या _/\_

अबोली
निळीशाई, माझं मुख्य पुस्तक २०१७ चं निघालं. त्यात शनीचे चंद्र ६२. बाजूला ठेवलं.

शंकासुर, काल रात्री बसून १२० कार्डं केली. पहिलं कार्ड शुक्राचं. मागच्या बाजूला नुसतं 'शुक्र' न लिहिता "दुलई" लिहिलंय. खडूफळा सर आणि तुम्ही दोघंही खूश व्हा.

पडद्यामागे
मी बरीच वर्षं क्विझसाठी प्रश्न काढतो (टीव्हीसाठी नाही, विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी). तेव्हा दुसऱ्या बाजूनं सांगतो.

प्रश्न काढताना बरोबर उत्तर शोधायला दोन मिनिटं लागतात. खरा घाम निघतो तो चुकीचे तीन पर्याय शोधताना. त्यांतला एक असा हवा की ज्याला अर्धवट माहिती आहे तो त्याच्याकडे खेचला जावा. आम्ही त्याला जुळा म्हणतो. बुध हा शुक्राचा जुळा, सिडनी हा कॅनबेराचा. उत्तर पाठ करण्यापेक्षा त्याचा जुळा कोण हे ओळखायला शिका आणि दोघांमधला फरक कार्डावर लिहा.

उदाहरण देतो. "जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम कुणी पूर्ण केली?" जुळा मॅगेलन. मोहीम त्याची, नाव त्याचं, पण २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावर तो लढाईत मारला गेला. निघालेल्या पाच जहाजांपैकी एकच, व्हिक्टोरिया, हुआन सेबास्टियन एल्कानोच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला परत आलं. त्यावर माणसं उरली होती १८. म्हणून "मोहीम कुणी सुरू केली" याचं उत्तर मॅगेलन आणि "पूर्ण कुणी केली" याचं एल्कानो. तळटीप म्हणतात तो एक शब्द, तो हा.

त्या १८ जणांत पिगाफेत्ता नावाचा इटालियन होता. तो रोजची नोंद ठेवायचा, एक दिवसही चुकवला नाही. परतीच्या वाटेवर केप व्हर्दे बेटांवर किनाऱ्यावरच्या लोकांना वार विचारला तर ते म्हणाले गुरुवार. त्याच्या वहीत बुधवार! तो चक्रावलाच. सूर्यासोबत पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला वळसा घातला की एक दिवस गळतो, हे माणसाला पहिल्यांदा तिथे प्रत्यक्ष अनुभवायला मिळालं. आंतरराष्ट्रीय वाररेषा कशासाठी लागते याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत सुंदर उत्तर म्हणजे त्या वहीतला तो बुधवार.

नकाशावेडा
अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

शून्यलब्धी
थोडं अवांतर, पण उपयोगाचं. ५०-५० या लाइफलाइनबद्दल, म्हणजे संगणक चारांपैकी दोन चुकीचे पर्याय उडवतो ती.

समजा तुमचा मनातला कौल 'ब' आहे, पण तो निव्वळ अंदाज. ५०-५० घेतली, 'ब' आणि 'ड' उरले. आता 'ड'कडे वळावं का? तीन दारांचं प्रसिद्ध कोडं (एका दारामागे बक्षीस, तुम्ही एक दार निवडता, मग निवेदक उरलेल्यांतलं एक रिकामं दार उघडतो आणि विचारतो, निवड बदलायची का?) माहीत असलेले म्हणतात, वळा, फायदा होतो. १९९० मध्ये ते कोडं एका अमेरिकी साप्ताहिकाच्या सदरात आलं तेव्हा 'वळा' हे उत्तर चूक आहे म्हणून हजारो लोकांनी पत्रं लिहिली होती, त्यांत गणितातले डॉक्टरेटवालेही होते. उत्तर बरोबरच होतं. पण इथे ते लागू पडत नाही. त्या कोड्यात निवेदक तुम्ही निवडलेलं दार कधीच उघडत नाही. इथे तुमच्या मनात काय आहे हे संगणकाला ठाऊकच नाही, तो 'ब'ही उडवू शकतो.

१२०० वेळा असं घडलं असं धरा. 'ब' बरोबर असेल ३०० वेळा, तेव्हा तो उरणारच. 'ब' चूक असेल ९०० वेळा, त्यांतल्या ६०० वेळा संगणक त्याला उडवेल आणि ३०० वेळा ठेवेल. म्हणजे 'ब' उरला अशा ६०० वेळांपैकी तो ३०० वेळा बरोबर. निम्मंनिम्मं. वळून फायदाही नाही, तोटाही नाही.

पण मुळात अंदाजाहून जास्त काही हाताशी असेल, समजा ४० टक्के वाटत असेल आणि बाकी तिघं २०-२०, तर 'ब' टिकल्यावर तो ६७ टक्क्यांवर जातो. तेव्हा अजिबात वळू नका.

शंकासुर
शून्यलब्धी, हे मी कागदावर करून पाहिलं. बरोबर आहे. आजवर मी हे उलटं सांगत फिरत होतो.

सांजवेळ
मी अशा एका कार्यक्रमात खुर्चीत बसून आले आहे, म्हणून लिहिते. कार्यक्रमाचं नाव नको.

पहिली गोष्ट, खुर्ची उंच असते. पाय जमिनीला टेकत नाहीत. यात सांगण्यासारखं काय असं वाटेल, पण पाय अधांतरी असले की माणूस आतूनही अधांतरी होतो. पायाखालच्या दांडीवर दोन्ही टाचा नीट रोवून बसा. दुसरी, दिवे डोळ्यांवर येतात आणि पडद्यावरचं अक्षर पहिले काही क्षण दिसतच नाही. प्रश्न स्वतः मोठ्यानं वाचा. वाचताना वेळही मिळतो आणि तळटीप म्हणतात तो शब्द कानावर पडतो.

मी चुकले ते असं. प्रश्न होता : जगातलं सर्वांत मोठं वाळवंट कोणतं? पर्याय सहारा, गोबी, अरबी वाळवंट, अंटार्क्टिका. मला शंका आली म्हणून प्रेक्षकांचा कौल घेतला. बहुतेक सगळा कौल सहाराला. इतकी माणसं एका बाजूला दिसल्यावर माझी शंका विरघळली आणि मी सहारा लॉक केलं. उत्तर अंटार्क्टिका. वाळवंट म्हणजे वाळू असं आपण धरून चालतो, पण वाळवंट ठरतं ते पाऊस-बर्फ किती पडतं यावरून, साधारण वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी. अंटार्क्टिका सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, सहारा सुमारे ९० लाख.

नंतर कित्येक दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. उत्तर पर्यायांतच लिहिलेलं होतं! सहाराच हवं असतं तर प्रश्नात 'उष्ण' शब्द आला असता आणि बर्फाचा खंड यादीत कशाला घातला असता? विचित्र दिसणारा पर्याय आधी तपासायचा, हे मी त्या दिवशी शिकले. आणि प्रेक्षकांचा कौल सगळ्यांना सरळ माहीत असणाऱ्या गोष्टीसाठी वापरायचा. जिथे सगळ्यांची एकच चूक होते तिथे गर्दी तुम्हाला त्याच खड्ड्यात नेते.

पडद्यामागे
सांजवेळ, तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी उभं राहून टाळ्या. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात तुम्ही अगदी बरोबर शिरलात.

निळीशाई
प्रश्न न वाचण्यावरून आठवलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात आयबीएमचा वॉटसन हा संगणक दोन दिग्गजांविरुद्ध उतरला होता. त्यांतला एक केन जेनिंग्ज, २००४ मध्ये सलग ७४ खेळ जिंकलेला. वॉटसन जिंकला, पण एका प्रश्नावर गडबडला. विषयाचं नाव होतं अमेरिकेतली शहरं. प्रश्न असा की ज्याच्या सर्वांत मोठ्या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातल्या वीराचं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळाला त्या युद्धातल्या लढाईचं नाव आहे असं शहर कोणतं? उत्तर शिकागो : ओ'हेअर आणि मिडवे. वॉटसननं लिहिलं टोरांटो, जे कॅनडात आहे! पुढे पाच प्रश्नचिन्हं. पण त्यानं पैज लावली होती फक्त ९४७ डॉलरची. स्वतःला खात्री नाही हे त्याला पक्कं कळत होतं. मला त्या खेळात हेच सगळ्यांत आवडलं.

रानपाखरू
आणि १९९९ चे जॉन कार्पेंटर! 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'च्या अमेरिकी आवृत्तीतले पहिले सर्वोच्च विजेते. शेवटच्या प्रश्नापर्यंत एकही लाइफलाइन नाही, आणि शेवटच्या प्रश्नाला वडिलांना फोन लावला तो मदतीसाठी नाही, तर "मी आता दहा लाख जिंकणार आहे" हे सांगायला. अबोलीताई, तुम्ही इथे आम्हाला सांगा म्हणजे झालं.

तळटीप
गाडी रुळावर आणते. ताईंनी विषय विचारले होते. माझ्या मते कालगणना नक्की करा, तिच्यात जुळे भरपूर. रशियाची ऑक्टोबर क्रांती आजच्या कॅलेंडरनं ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, कारण रशिया तेव्हा ज्युलियन पद्धतीवर होता, तेरा दिवस मागे. १५८२ मध्ये पोपनं सुधारित कॅलेंडर लागू केलं तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंड आणि फ्रान्समधलं शतवर्षीय युद्ध १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षं.

नोबेलही करा. आइनस्टाइनला १९२१ चं नोबेल प्रकाशविद्युत परिणामासाठी, सापेक्षतेसाठी नाही. मेरी क्युरींना १९०३ चं भौतिकीचं आणि १९११ चं रसायनाचं. लायनस पॉलिंग यांना १९५४ चं रसायनाचं आणि १९६२ चं शांततेचं, आणि दोन्ही एकट्याला, वाटून न घेता. 'दोनदा' आणि 'दोनदा एकट्यानं', यातला फरक म्हणजेच प्रश्न.

नकाशावेडा
आणि तानापिहिनिपाजा विसरू नका. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शंकासुर म्हणतात ती तोंडपाठ करायची माहिती अशी एका शब्दात बांधता येते. फक्त लक्षात ठेवा, मुख्य इंद्रधनुष्यात तांबडा बाहेरच्या कडेला असतो, आणि कधी कधी वर दिसणाऱ्या दुसऱ्या फिकट धनुष्यात रंग उलटे, म्हणजे जांभळा बाहेर. प्रकाश थेंबाच्या आत एकदाऐवजी दोनदा परावर्तित होतो म्हणून.

अबोली
उद्या सकाळी फेरी आहे. १२० ची ३४० कार्डं झाली. त्यांतली २०५ पाचव्या खोक्यात आहेत, शुक्र धरून. प्रत्येक कार्डावर उत्तर, जुळा आणि एक ओळ कारण. तुम्हा सगळ्यांच्या ओळी त्यांत आहेत. आरशासमोर बसून प्रश्न मोठ्यानं वाचायचा सराव केला, टाचा रोवून. आता कुणीतरी एक शेवटचा प्रश्न टाका, घड्याळ लावते.

तळटीप
घ्या. २०२४ ची पॅरिसची स्पर्धा कितवी उन्हाळी ऑलिंपिक? आणि तोवर उन्हाळी ऑलिंपिक प्रत्यक्षात किती वेळा भरल्या?

अबोली
विशेषण : 'कितवी' आणि 'प्रत्यक्षात'. दोन वेगळी उत्तरं.

क्रमांक ३३ वा. १८९६ पासून दर चार वर्षांचा काळ मोजला जातो, स्पर्धा होवो न होवो. १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा युद्धामुळे रद्द झाल्या, म्हणून प्रत्यक्षात ३०. टोकियोची वर्षभर उशिरा २०२१ मध्ये झाली, पण ती भरली, म्हणून धरली.

शंकासुर
किती सेकंद?

अबोली
अकरा.

शून्यलब्धी
१९०६ ची अथेन्सची मोजली का?

अबोली
नाही. ती मधल्या वर्षी भरलेली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती तिला अधिकृत मानत नाही. हे वाचलेलं होतं पण कार्ड केलं नव्हतं. आत्ता लिहिलं. पहिल्या खोक्यात टाकते आणि झोपते.